शेवटची रांग, डावी बाजू

शनिवारी सकाळी प्रणितानं गाडीची टाकी भरून आणली आणि डिकीतलं सगळं सामान गॅरेजमध्ये काढून ठेवलं. बर्फावर टाकायची मिठाची पिशवी, काच खरवडायचा दांडा, घडीची खुर्ची, लायब्ररीत परत करायच्या पुस्तकांचा गठ्ठा. गाडीत ती स्वतः, तिची पर्स, पाण्याची एक बाटली आणि बाबांची निळी वही, एवढंच राहिलं. बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. वजन करायचं तर आधी गाडीत काय आहे ते ठाऊक पाहिजे, असं ते म्हणायचे.

तिचे वडील, पंडित मेश्राम, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकतीस वर्षं लोडशीट बनवत होते. उड्डाणाआधी माणसं, सामान, टपाल आणि इंधन यांची वजनं मांडायची, कुठे किती भार बसतोय ते काढायचं आणि विमानाचा तोल मर्यादेत आहे म्हणून सही करायची, हे त्यांचं काम. त्यांचे वडील त्याच विमानतळावर रोजंदारीनं टपालाच्या थैल्या चढवत. कुठल्याही रजिस्टरात त्यांचं नाव नव्हतं. पंडित मेश्रामांचं नाव मात्र रोज वीस-वीस कागदांवर असायचं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

प्रणिताची आई गेल्यावर ते शिकागोजवळ शॉमबर्गला तिच्याकडे राहायला आले. काम सुटलं, सवय सुटली नाही. कुणाकडे जेवायला निघालं तरी गाडीत कोण कुठे बसणार ते तेच ठरवत. एकदा त्यांनी शेजारच्या मीनाक्षी काकूंना सगळ्यांदेखत सांगितलं, "ताई, तुम्ही पुढे बसा. मागे जड नको." काकू दोन महिने बोलल्या नव्हत्या.

फावल्या वेळात ते जुन्या विमान अपघातांचे अहवाल वाचत. महायुद्ध संपल्यावर लष्कराची पंख्याची मालवाहू विमानं अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. त्यांत खुर्च्या बसवून लहान लहान कंपन्यांनी प्रवासी न्यायला सुरुवात केली. त्या चार-पाच वर्षांत ती विमानं पुष्कळ पडली. बाबा प्रत्येक अहवाल छापून आणायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचे आणि त्या विमानाची लोडशीट पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. बहुतेक वेळा चूक सापडायची. कुणी तरी पेट्या मागे ठेवलेल्या असायच्या, कुणी तरी इंधन धरलेलं नसायचं. चूक सापडली की बाबा तांबड्या पेन्सिलीनं गोल करायचे आणि चहा मागायचे.

एका अपघाताला मात्र तांबडा गोल झाला नाही. मार्च १९४८, दोन इंजिनांचं विमान, इलिनॉयच्या वायव्य टोकाला हार्लन क्रॉसिंग नावाच्या खेड्याबाहेर मक्याच्या शेतात पडलेलं. अठरा प्रवासी, तीन कर्मचारी. एकवीस नावं, एकवीस मृत. उड्डाण केल्यावर विमानाचं नाक वर वर जात राहिलं, शेपटी खाली ओढल्यासारखी. मग डावा पंख कलला आणि सगळं संपलं. अहवालात कारण 'अनिश्चित' असं होतं. कागदावर तोल अगदी काठावर, पण मर्यादेत.

बाबांनी हा हिशेब सात वेळा मांडला. आठव्या वेळी त्यांनी उलटा मांडला: विमान असं पडायला कुठे किती वजन जास्त हवं? वहीत उत्तर होतं. 'एकशेचाळीस पौंड. शेवटची रांग, डावी बाजू.'

"दाराजवळची जागा आहे ती," त्यांनी प्रणिताला समजावलं होतं. "ऐन वेळी चढलेला माणूस तिथंच बसतो. यादीत नाही तो."

"मग तो सापडला कसा नाही, बाबा?"

"काहून सापडेल? बावीस कुणी मोजलेच नाहीत. एकवीस झाले अन् थांबले."

गेल्या ऑक्टोबरात ते ती जागा बघून आले. प्रणिताला ऑफिस होतं, म्हणून गुरुनाथ काकांनी नेलं. काका पुण्याचे, निवृत्त, बाबांचे लायब्ररीतले मित्र. त्या रात्री जेवायला बसताना बाबांनी टेबलावर तीन ताटं मांडली.

"तिसरं कुणाचं? कोण येतंय?" प्रणितानं विचारलं.

"येत नाहीये. आलाय. माझ्याच बरोबर आला." पार्सल आल्याचं सांगावं तशा आवाजात ते म्हणाले. "गारठलाय बिचारा. त्या पाहुण्यांच्या खोलीतला हीटर जरा वाढव."

तिला आधी थट्टाच वाटली. आठवडाभर रोज तिसरं ताट लागलं तेव्हा तिनं अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. बाबांनी ते डॉक्टरांपेक्षा भरभर केले. शेवटी डॉक्टरांनी सहज विचारलं, "या खोलीत आत्ता आपण किती जण आहोत?" बाबांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली, दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर ती क्षणभर टेकली, आणि ते म्हणाले, "चार."

जानेवारीत प्रणितानं कागदांवर सह्या केल्या आणि बाबांना विस्मरणाच्या रुग्णांसाठी असलेल्या एका निवासात ठेवलं. ती दिवसभर बाहेर असायची, बाहेर बर्फ होता, आणि दोनदा ते एकटेच गाडीच्या किल्ल्या घेऊन निघाले होते. तिथे दर मंगळवारी वजन व्हायचं आणि तिला पौंडांतला आकडा मेसेजनं यायचा. १३१. १२६. १२२. दर रविवारी ती भेटायला जायची, आणि दर रविवारी ते एकच सांगायचे.

"प्रणू, त्याला परत सोडून यायला पाहिजे. माझी चूक झाली. मी दार उघडं टाकून फोटो काढत बसलो."

"जाऊ या, बाबा. स्नो वितळू दे."

"पण एकट्याला टाकून येणं जिवावर येतं बाप्पा. ओळख झाली ना आता."

शेवटच्या मंगळवारचा मेसेज ११९ चा होता. गुरुवारी पहाटे ते गेले. स्नो तोवर वितळला होता.

*

वहीत दोन चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या, त्या तिला पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर सापडल्या. धान्याच्या ट्रकच्या काट्यावरच्या वजनाच्या छापील चिठ्ठ्या होत्या त्या. ऑक्टोबरचीच तारीख, मध्ये दीड तासाचं अंतर. जातानाचं वजन ३८२०. येतानाचं ३९६०. तिनं गुरुनाथ काकांना फोन केला.

"अगं, ती होय! तुझ्या बाबांचं खूळ. वाटेत धान्याचा मोठा काटा दिसला, झालं. म्हणाले, निघताना वजन, परतताना वजन, हा नियम आहे. मी म्हटलं, पंडितराव, माझी कॅमरी आहे, ट्रक नाही."

"पण काका, येताना एकशेचाळीस पौंड जास्त आहे."

"हो ना! मी म्हटलं, आमच्या हिच्या पराठ्यांचं वजन असणार." काका मोठ्यानं हसले. मग हसू मध्येच थांबलं. "एक झालं मात्र. येताना सबंध वाट पंडितराव मागे बसले. पुढची सीट रिकामी. म्हटलं, मी काय उबरवाला आहे का? तर म्हणाले, गुरुनाथराव, राग मानू नका, मागे जरा सोबत करतो."

"कुणाला?"

"ते मी नाही विचारलं," काका म्हणाले. "तूही विचारू नकोस."

प्रणिता एका विमा कंपनीत आकड्यांचंच काम करत होती. निकाल बघण्याआधी कसोटी ठरवायची, नंतर नाही, हे ती नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवायची. शुक्रवारी रात्री तिनं बाबांच्या अक्षराखाली स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या.

'जाताना-येताना फरक चाळीसच्या आत: मी केलं ते बरोबर होतं.'

'येताना एकशेचाळीसच्या आसपास कमी: बाबा पूर्ण शुद्धीवर होते.'

दुसरी ओळ लिहून तिनं पेन खाली ठेवलं. ती ओळ खरी ठरली तर शुद्धीवरच्या माणसाला आपण कुलपाच्या दाराआड ठेवलं आणि तो तिथंच मेला, एवढाच तिचा अर्थ होता.

वहीच्या शेवटच्या पानावर बाबांनी कृती लिहून ठेवली होती. 'निघताना मागचं डावं दार उघडून दोन मिनिटं थांबणे. तिथे पोचल्यावर तेच दार उघडून दोन मिनिटं थांबणे. घाई करू नये.' शनिवारी सकाळी प्रणितानं गॅरेजमध्ये ते दार उघडलं आणि घड्याळ लावून थांबली. घरातून पाहुण्यांच्या खोलीतला हीटर बंद झाल्याचा आवाज आला. ताशी दोनदा तो आपोआप बंद होतो हे तिला माहीत होतं. अस्थींचा डबा बैठकीत पुस्तकांच्या कपाटात होता. तो तिनं मुद्दाम घेतला नाही.

दार लावून ती पुढे बसली, गाडी रस्त्यावर काढली, आणि टुणटुण सुरू झाली. शेजारच्या सीटवर माणूस बसून त्यानं पट्टा लावला नाही तर वाजते ती. सीटवर वही होती. वहीचं वजन केवढं? तिनं वही खाली ठेवली. टुणटुण थांबेना. ओल्या हवेत ते सेन्सर बिघडतात असं कुठे तरी वाचल्याचं तिला आठवलं. तिनं हात लांबवून रिकाम्या सीटचा पट्टा ओढून लावून टाकला. आवाज थांबला. वही तिनं परत सीटवर ठेवली.

बाबा नेहमी त्याच सीटवर बसायचे.

*

रॉकफर्ड मागे पडल्यावर रस्ता रिकामा होत गेला. एप्रिलचा पहिला आठवडा. शेतं नांगरलेली, अजून पेरलेली नाहीत. काळी, ओली माती आणि तिच्यातून वर आलेले गेल्या वर्षीच्या मक्याचे पिवळे खुंट. पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. तिनं रेडिओ लावला नाही. चढावर गाडी थोडी जड चालतेय असं तिला एक-दोनदा वाटलं, पण वारा समोरून होता.

हार्लन क्रॉसिंगमध्ये एक चर्च, एक बंद पडलेली शाळा आणि धान्याची तीन उंच कोठारं होती. कोठारांच्या पायथ्याशी जमिनीत बसवलेला लांबलचक काटा, आणि बाजूच्या खोपटात खिडकीशी बसलेली साठीची एक बाई. ती सूर्यफुलाच्या बिया खात होती. खिडकी सरकवून तिनं गाडीकडे पाहिलं.

"पुन्हा कार? हल्ली फॅशन आलीय का?"

"पुन्हा म्हणजे?"

"मागे मका निघायच्या वेळी दोन म्हातारे आले होते. एक सारखा हसवणारा. दुसरा टाय लावलेला, एकदम टापटीप. त्यानं मला काटा शेवटचा कधी तपासला ते विचारलं. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

"ते माझे वडील," प्रणिता म्हणाली.

"परत येईन म्हणाले होते."

"हो," प्रणिता म्हणाली.

बाईनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि बियांची पिशवी बाजूला ठेवली. "घे गाडी पुढे. वीस-वीस पौंडांच्या टप्प्यानं आकडा दाखवतो हां तो. सोनं मोजायचा काटा नाही."

चिठ्ठीवर ३९६० आलं. प्रणितानं ती वहीत टाचली आणि निघाली.

जागा चार मैलांवर होती. कच्चा रस्ता, कुंपण, आणि कुंपणाला लागून गुडघ्याएवढा करडा दगड. चर्चच्या लोकांनी कधी तरी बसवलेला. त्यावर एकवीस नावं. पलीकडे शेत सरळ आभाळापर्यंत गेलेलं. काळ्या पंखांवर लाल ठिपके असलेले पक्षी कुंपणाच्या तारेवर बसून किंचाळत होते. ओल्या मातीचा वास होता, आणि वारा फिरला की मध्येच जळक्या तेलासारखा. लांब कुठे तरी ट्रॅक्टर चालू असावा.

तिनं मागचं डावं दार उघडलं.

घड्याळ लावलं आणि दगडासमोर जाऊन उभी राहिली. नुसतं उभं राहणं तिला कसंसंच वाटलं, म्हणून तिनं नावं मोठ्यानं वाचली. वाचताना ती नकळत मोजत होती. एकविसावं नाव झालं. ती थांबली, आणि मग बाबांसाठी म्हणून, दगडावर जागा नव्हती तिथे बघत म्हणाली, "आणि एक."

तारेवरचे पक्षी गप्प झाले.

मागे गाडीच्या स्प्रिंगांचा बारीक आवाज झाला. माणूस उतरताना होतो तसा.

ती वळली नाही. घाई करू नये, असं लिहिलं होतं. वारा मानेवर गार लागत होता. थोड्या वेळानं तसाच आवाज पुन्हा झाला.

घड्याळ वाजलं. पक्षी पुन्हा ओरडू लागले. मागची सीट रिकामी होती, जशी येताना होती. शेतात कुणी नव्हतं. तिनं मागचं डावं दार लावलं. स्वतःचं सोडलं तर दुसरं कुठलंही दार तिनं उघडलं नव्हतं.

हात जोडून ती "भवतु सब्ब मंगलं" एवढं पुटपुटली आणि निघाली. गाडी हलकी चालत होती. आता वारा मागून होता.

*

काट्यावर ३७०० आलं.

"पुन्हा घेऊ का?" ती म्हणाली.

"घे."

ती गाडी खाली घेऊन वळून आली. ३७००.

"काटा ठीक आहे," बाई खिडकीतून म्हणाली. "आत्ताच एक बियाण्याचा ट्रक करून दिला. काय उतरवलंस तिकडे?"

चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून प्रणितानं वही उघडली. ३९६० वजा ३७००. दोनशे साठ.

तिनं आधीच ठरवलेल्या दोन ओळी समोर होत्या. दोनशे साठसाठी ओळ नव्हती.

एकशेचाळीस बरोबर होते. बाबा बरोबर होते. ते तिला आतून ठाऊकच होतं, असं तिला त्या क्षणी कळलं, आणि तिला रडू येईल असं वाटलं. पण ते आलं नाही, कारण हिशेब संपला नव्हता.

उरले एकशेवीस.

तिनं फोन काढला आणि मंगळवारचे मेसेज उघडले. १३१. १२६. १२२. शेवटी ११९.

वीस-वीसच्या टप्प्यानं दाखवणाऱ्या काट्यावर एकशेएकोणीस म्हणजे एकशेवीसच.

एकट्याला टाकून येणं जिवावर येतं, ते म्हणाले होते. मागे जरा सोबत करतो.

मागे धान्याचा ट्रक येऊन उभा राहिला. वळून चार मैल परत जायला सात मिनिटं लागली असती. तिनं चाक धरलं. मग तिची नजर शेजारच्या सीटवर गेली.

वही उचलली होती तिथे कापडावर किंचित खोलगा होता. सकाळी शॉमबर्गला तिनं स्वतःच्या हातानं लावलेला पट्टा सुटलेला होता. तो सीटवर पडलेला नव्हता. वर आपल्या जागी गुंडाळला गेला होता, बक्कल दाराकडे वळवून, बाबा नेहमी ठेवायचे तसा.

ट्रकनं भोंगा वाजवला.

घरी पोचेपर्यंत ती टुणटुण एकदाही झाली नाही.